अजब बंगल्यात गाईड घ्यावा की आपलं आपण बघावं?

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरात सात आणि बारा वर्षांची दोन मुलं, सोबत सासूबाई. गेल्या खेपेला अजब बंगला, म्हणजे आपलं सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, पाऊण तासाच्या आत उरकला आणि बाहेर आल्यावर धाकट्याला 'वाघ होता' एवढंच आठवत होतं. त्याआधी दुसऱ्या एका शहरात गाईड घेतला, तर तिसऱ्या कपाटापाशीच दोघं जांभया द्यायला लागले. आता पुन्हा जायचं आहे. गाईड घ्यावा, फोनवर काही ऐकत फिरावं, की आपलं आपण बघावं? आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना न्यावं की नाही?

मी इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. तेव्हापासून आजतागायत विद्यार्थ्यांना, शेजारच्या पोरांना, घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन संग्रहालयांत फिरते आहे. माझं स्पष्ट मत सांगते. तुमच्या दोन्ही फेऱ्या फसल्या त्याला कारण एकच आहे: अख्ख्या इमारतीला आपण एकच पद्धत लावतो. एक तर पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत कोणाच्या तरी मागे चालत राहायचं, नाहीतर सगळं आपलं आपण बघायचं. पण काचेमागं ठेवलेल्या वस्तू सगळ्या एका जातीच्या नसतात. काही नुसत्या नीट बघितल्या तरी कळतात. काही दिवसभर बघत बसलं तरी कळत नाहीत, त्यांची गोष्ट कोणीतरी सांगावीच लागते. म्हणून माझा ठोकताळा असा: प्राणी आपले आपण बघा, दगड कोणाकडून तरी ऐका.

आता हे जरा उलगडून सांगते, कारण ठोकताळ्याला अपवादही आहेत.

सांबराच्या कपाटापुढं गाईड काय करतो, आठवून बघा. नाव सांगतो, शास्त्रीय नाव सांगतो, वजन किती, उंची किती, कुठल्या जंगलात सापडतो, 'चला पुढे'. यातलं बहुतेक पाटीवर लिहिलेलं असतं आणि सात वर्षांच्या मुलाला त्यातलं काहीच नको असतं. त्याला तो प्राणी हवा असतो, आणि प्राणी समोर उभा असताना मधे बोलणारा माणूस कशाला? सांबराचे डोळे कुठं आहेत ते विचारा. डोक्याच्या दोन बाजूंना. वाघाचे? समोर, आपल्यासारखे. का बरं? इथं गप्प राहायचं. मुलं आधी काहीही सांगतात, मग हळूहळू पोचतात: ज्याला पकडायचं आहे त्याला अंतराचा अंदाज लागतो, आणि ज्याला पळायचं आहे त्याला मागून कोण येतंय ते दिसलं पाहिजे. ही गोष्ट त्यांनी स्वतः काढलेली असते, म्हणून ती टिकते. पुढच्या प्रत्येक कपाटापाशी ती स्वतःहून डोळे तपासत जातात. कोल्हा? समोर. ससा? बाजूला. माकड? समोर, पण माकड तर शिकार करत नाही! मग पुन्हा डोकं लावायचं. फांदीवरून फांदीवर उडी मारायची तर अंतर कळायला नको का?

शिंगांचं तसंच. चितळ, सांबर यांची शिंगं फांद्या फुटल्यासारखी, फक्त नराला, आणि ती दरवर्षी गळून नवी येतात. रोही, म्हणजे नीलगाय, आणि काळवीट यांची शिंगं बिनफांद्यांची. आत हाड, वर खोळ, आणि ती जन्मभर राहतात. हे तुम्ही सांगायचं नाही. मोठ्या मुलाला म्हणायचं, 'या सगळ्या शिंगवाल्यांचे दोन गट पाड, कसे पाडायचे ते तूच ठरव.' बारा वर्षांचा मुलगा फांद्या आहेत की नाहीत यावर येतोच. मग तुम्ही एकच वाक्य बोला: 'यातला एक गट दरवर्षी शिंगं टाकून देतो, कोणता असेल?' चौसिंगा मांडलेला असेल तर तिथं अवश्य थांबा. पुढची दोन शिंगं इतकी बारकी असतात की घाईत बघणाऱ्याला ती दिसतच नाहीत. भारत आणि थोडाफार नेपाळ सोडला तर हा प्राणी जगात कुठंच नाही, आणि आपल्या विदर्भाच्या जंगलांत तो आहे.

पक्ष्यांच्या दालनात सगळे चोची बघतात. मी पाय बघायला लावते. बदकाच्या बोटांमधला पडदा सगळ्यांना माहीत असतो, पण सुतार पक्ष्याची बोटं बघितली आहेत का? दोन पुढं, दोन मागं. उभ्या खोडाला धरून राहायचं तर तशीच लागतात. चिमणीची मोजा: तीन पुढं, एक मागं. गरुडाच्या नख्या बघा, मग बगळ्याची लांब सडक बोटं. एवढं झालं की मुलाला वही-पेन्सिल द्या आणि एकच पाय काढायला सांगा. अख्खा पक्षी नको, फक्त पाय. काढायला बसलं की बोटं मोजावीच लागतात. चित्र वाईट आलं तरी चालेल. शाळेत दाखवायचं नाही, हे आधीच सांगून टाका, नाहीतर ते खोडरबरातच अडकतात.

आणि पाटी नंतर वाचायची. हा माझा हट्टच आहे. पाटी आधी वाचली की डोळे सुट्टीवर जातात. नाव कळलं, काम झालं, असं वाटतं. कपाटापाशी आल्यावर मिनिटभर पाटीवर हात ठेवून झाका हवं तर, मग उघडा.

मुलांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला: 'मॅडम, हे खरं हाय का?' याला सरळ उत्तर द्या. कातडी खरी, केस आणि पिसं खरी, शिंगं खरी. डोळे काचेचे. जीभ, हिरड्या बनवलेल्या. आत मांस नाही आणि बहुतेक हाडंही नाहीत. साच्यावर कातडी ओढून बसवलेली असते, जुन्या काळी आत पेंढा किंवा काथ्या भरत. पोटाखाली किंवा पायांच्या आतल्या बाजूला शिवण दिसते का शोधा; जुन्या नमुन्यांत कातडी आकसून ती उसवलेली दिसते. मुलांना ती शिवण सापडली की वाघाची भीती जाते आणि कुतूहल सुरू होतं. दुसरा प्रश्न, 'मग याला मारलं काहून?' यालाही टाळाटाळ करू नका. जुने नमुने शिकारीच्या काळातले असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, नंतरचे नमुने साधारणपणे प्राणिसंग्रहालयात किंवा अपघातात मेलेल्या जनावरांचे. मुलं हे ऐकून घाबरत नाहीत. आपण विषय बदलला तर मात्र त्यांना शंका येते.

एक सूचना आईच्या नात्याने: जुन्या काळी कातडीला कीड लागू नये म्हणून आर्सेनिकचा लेप देत. सगळीकडे दिला असेल असं नाही, पण उघड्यावर ठेवलेला नमुना दिसला तर हात लावू देऊ नका आणि बाहेर आल्यावर हात धुवा. 'वस्तूंना हात लावू नये' या पाटीमागं फक्त शिस्त नाही, हे मुलांना सांगितलं की ती ऐकतात.

रंगांवर विश्वास ठेवू नये, हेही सांगायला हवं. पक्षी वाळला की चोच आणि पाय यांचा मूळ रंग जातो, मग तो ब्रशनं रंगवतात. कधी बरोबर, कधी रंगवणाऱ्याला वाटेल तसा. सापांचं तर विचारूच नका. बरणीतल्या द्रावात साप वर्षानुवर्षं राहिला की फिका, राखाडी पडतो. अजब बंगल्यातला असो की कॉलेजच्या प्रयोगशाळेतला, बरणीतला साप बघून 'असा दिसतो मण्यार' असं मुलाच्या डोक्यात बसवलं तर धोका आहे. मग बघायचं काय? जे उडून जात नाही ते. मण्याराच्या पाठीच्या मधोमध, मानेपासून शेपटीपर्यंत, इतर खवल्यांपेक्षा मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. सापाची पाठ बरणीच्या काचेला चिकटलेली असेल तर ती रांग अगदी स्पष्ट दिसते. कवड्या साप, ज्याला लोक मण्यार समजून मारतात, त्याला ती नसते. जिवंत सापाच्या इतकं जवळ जाऊन खवले मोजण्याची वेळ कोणावर येऊ नये. तिथं पट्टे बघायचे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जातात, मण्याराचे शेपटीकडे ठळक आणि मानेपाशी बहुधा नसतातच. नागपूरच्या पावसाळ्यात हे ज्ञान कामी येतं. शंका असली तर लांब उभं राहून सर्पमित्राला फोन, एवढंच.

इथवर कोणाचीही गरज नाही. आता अपवाद. गिधाड. ते मांडलेलं दिसलं तर त्या कपाटापाशी मोठ्या मुलाला घेऊन थांबा, कारण तिथली खरी गोष्ट कपाटात नाही. तुमच्या-माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोर पडलं की आकाश गिधाडांनी भरून जायचं. १९९० च्या दशकात ती भराभर नाहीशी झाली. गुराढोरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक देत. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. कारण हाती लागायला २००४ साल उजाडलं, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. पिसांकडे, चोचीकडे बघून हे कोणालाही कळणार नाही. पण यासाठी गाईड नको, आई पुरते. घरून निघण्याआधी दोन-तीन प्राण्यांच्या अशा गोष्टी वाचून ठेवा. गिधाड, माळढोक, खवल्या मांजर. खवल्या मांजराचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात, त्याच्या तोंडात एकही दात नसतो, आणि त्या खवल्यांपायीच त्याची तस्करी होते.

आता दगडांकडे. इथं माझा सूर बदलतो.

दगडांच्या आणि जीवाश्मांच्या कपाटांपुढून लोक ज्या वेगानं जातात तो वेग बघण्यासारखा असतो. त्यांचा दोष नाही. एक करडा गोळा, खाली पाटी, त्यावर एक इंग्रजी नाव आणि एका गावाचं नाव. यात बघण्यासारखं काय आहे? आता उदाहरण घ्या. समजा पाटीवर 'कोप्रोलाइट, पिसदुरा' असं आहे. पिसदुरा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ. कोप्रोलाइट म्हणजे दगड झालेली विष्ठा. आणि पिसदुऱ्याच्या या विष्ठेचं महत्त्व असं, की शास्त्रज्ञांनी ती तपासली तेव्हा तिच्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. तोवर समज होता की डायनासोर होते तेव्हा गवत नव्हतंच, ते नंतर आलं. चंद्रपूरच्या डायनासोरच्या शेणानं तो समज मोडला. त्या गवतांत भाताच्या कुळातल्या गवताचे नातेवाईकही होते. हे ऐकल्यावर मुलं त्या करड्या गोळ्यापासून हलत नाहीत, मी बघितलं आहे. पण ऐकल्याशिवाय? तो गोळाच आहे.

नागपूरकर म्हणून आणखी एक गोष्ट आपल्याला माहीत हवी. आपलं शहर दोन प्रकारच्या जमिनींच्या सीमेवर बसलं आहे. पश्चिमेला सह्याद्रीपर्यंत पसरलेला काळा बेसाल्ट, ज्याला दख्खनचा ट्रॅप म्हणतात. पूर्वेला त्याहून कितीतरी जुना, नाइस नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा खडक. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स या काळ्या दगडाच्या. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर वाहत होता, पण सलग नाही. दोन थरांच्या मधे मोठी उसंत मिळायची. त्या उसंतीत खळग्यांत पाणी साचायचं, तळी व्हायची, काठाला झाडं यायची, पाण्यात गोगलगायी आणि मासे यायचे. मग पुन्हा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. दोन लाव्हांच्या मधला तो पातळ गाळाचा थर म्हणजे एका तळ्याची पानंच्या पानं. आपल्या टाकळी भागात असा थर होता आणि १८५० च्या दशकात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी तिथून जीवाश्म गोळा केले. हो, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच. धर्मप्रसारासाठी आले आणि फावल्या वेळात दगड फोडत हिंडले. त्यांनी मांगली गावाहून मिळवलेल्या एका जुन्या उभयचराच्या कवटीला जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी लंडनमध्ये १८५५ साली 'ब्रॅकिऑप्स' हे नाव दिलं. १८६३ च्या पावसाळ्यात नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन दफनांची दगडी वर्तुळं बघून परतताना पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले. त्या वेळी तिथं त्यांच्यासोबत होते ते मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल. अजब बंगला टेम्पल यांच्याच काळात, त्याच १८६३ साली सुरू झाला. तेव्हा या संग्रहालयात पाऊल टाकताना तुम्ही एका दगडवेड्या माणसाच्या काळात पाऊल टाकता, पण हे दारावर कुठं लिहिलेलं नसतं.

मग सांगणारा माणूस मिळवायचा कुठून? यातलं थोडं परिस्थितीवर आहे. सरकारी संग्रहालयात माहिती देणारा माणूस त्या दिवशी मोकळा असेल की नाही, हे तिथं आधी फोन करूनच कळतं, आणि दोन दिवस आधी सांगितलं तर शक्यता वाढते. पण मला विचाराल तर नागपूरकरांना लांब जायची गरजच नाही. हे खाणकामाचं शहर आहे. कोळशाची वेस्टर्न कोलफिल्ड्स, मँगनीजची मॉइल, भारतीय खाण ब्युरो यांची मुख्यालयं इथं, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर. तुमच्या कॉलनीत असा एक तरी काका निवृत्त होऊन बसलेला असणारच, ज्यानं आयुष्यभर दगड हाताळले आणि घरात त्याचं कोणी ऐकत नाही. त्याला रविवारी सोबत या म्हणा. असे लोक पगारी गाईडपेक्षा चांगले असतात, कारण ते पाठ केलेलं बोलत नाहीत. 'हा मँगनीज उचलून बघितलास तर मनगट दुखेल' असं बोलतात. सेमिनरी हिल्सवरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात त्यांचं स्वतःचं संग्रहालयही आहे. ते कार्यालयाचा भाग असल्यानं कामाच्या दिवशी आणि आधी विचारून जावं. मोठ्या मुलाला दगडांची गोडी लागली तर त्याची दुसरी फेरी तिथं काढा.

गाईड मिळाला, कोणताही, तर त्याला वापरायचं कसं हे आपल्या हातात असतं. सुरुवातीलाच सांगायचं: 'आम्हाला फक्त जीवाश्म आणि खडक बघायचे आहेत, अर्धा तास, मुलं लहान आहेत.' असं स्पष्ट सांगितलं नाही की तो सवयीनं सगळी दालनं दाखवतो, कारण सगळं दाखवलं नाही तर लोक तक्रार करतात. पैशाचं ठरवायचं असेल तर आधी ठरवा. आणि मधेच थांबवायला लाजू नका. 'सर, यातली तुम्हाला सगळ्यात आवडती वस्तू कोणती?' हा प्रश्न मी नेहमी विचारते. पाठांतर तिथं थांबतं. ज्याला आवडती वस्तू सांगता येत नाही त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, धन्यवाद म्हणा आणि आपले आपण फिरा. शाळेच्या सहलीमागं चालत ऐकायचा मोह मात्र आवरा. साठ मुलांच्या रांगेत मागच्या चाळीस जणांना काहीच ऐकू येत नाही, आणि तुम्ही चाळिसाच्याही मागं असता.

फोनवर ऐकत फिरण्याबद्दल. एकटं असताना मला ते आवडतं, परगावी तर फारच. पण कुटुंब असताना चौघांच्या कानांत चार तारा म्हणजे चौघं चार संग्रहालयांत. काचेवर क्यूआर कोड असेल तर एकानं वाचावं आणि मोठ्यानं सांगावं, तेही पाहून झाल्यावर. शिवाय मुलाच्या हातात फोन गेला की तो वाघाचा फोटो काढतो आणि वाघ बघायचा राहतो. फोटो काढू देतात की नाही ते तिकीट खिडकीवर विचारा. देत असतील तरी फोन तुमच्याकडेच ठेवा.

छापील प्रश्नपत्रिका किंवा 'खजिना शोधा' छापाचे खेळ शाळा देतात, ते मला पटत नाहीत. 'कोणत्या सापाच्या फण्यावर चष्मा आहे?' मुलं धावत जातात, पाटीवर नाव सापडलं की टिक करतात, पुढं. सापाकडे बघतच नाहीत. जिंकायचं असलं की बघणं मागं पडतं. त्यापेक्षा मोठ्याला एक काम द्या: एकच कपाट निवडायचं, घरी त्याबद्दल वाचून यायचं आणि तिथं धाकट्याला समजावायचं. बारा वर्षांच्या मुलाला गाईड व्हायला आवडतं, आणि सात वर्षांच्याला दादाचं चुकलं की ते पकडायला. (मुलगी असेल तर ताई, तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मी आपलं दादा धरलं.)

डायनासोरचा हट्ट धाकटा धरणारच. त्यासाठी गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र आहे, तिथं प्रागैतिहासिक प्राण्यांच्या मोठ्या प्रतिकृतींचं उद्यान आहे. तिथं गाईड अजिबात नको, नुसतं पळू द्या. एक गोष्ट तेवढी सांगा, की ही बनवलेली आहेत आणि संग्रहालयातलं हाड खरं, दगड झालेलं. सिनेमातला टी. रेक्स अमेरिकेतला. आपल्याकडचे म्हणजे लांब मानेचे, झाडपाला खाणारे टायटॅनोसॉर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला अशाच एकाची हाडं मिळाली, त्याचं आजचं नाव 'इसिसॉरस'. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते ठेवलं आहे. आकडेमोड करणाऱ्यांच्या संस्थेत डायनासोर शोधणारे काय करत होते, हे मोठ्याला शोधून काढायला सांगा.

किती वेळ? सात वर्षांच्या मुलासोबत दीड तासापलीकडे जाऊ नका, त्यातही मधे एकदा बाहेर अंगणात. शिल्पं, शिलालेख, शस्त्रं, आदिवासी कला ही दालनं त्या दिवशी सोडून द्या. हे नागपूरकरांना जमतं, कारण संग्रहालय आपल्याच गावात आहे, पुन्हा जाता येतं. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना सगळं एका दिवसात हवं असतं. सोमवार टाळा. मे महिना तर सोडूनच द्या, दालनापेक्षा तिथवर पोचणं जड जातं. पावसाळ्यातली सकाळ सगळ्यात बरी. उपाशीपोटी नेऊ नका. पोहे खाऊन निघालं की अर्धी किरकिर वाचते.

म्हणजे तुमच्यासाठी आखणी अशी होते. आठवडाभर आधी मोठ्यानं कपाट निवडायचं, तुम्ही दोन-तीन गोष्टी वाचून ठेवायच्या, कॉलनीतल्या काकांना विचारायचं. त्या दिवशी आधी सस्तन प्राणी आणि पक्षी, गाईडशिवाय, पाटी शेवटी. मग बाहेर बसून पाणी, खाऊ. मग दगड, काकांसोबत, जास्तीत जास्त अर्धा तास, धाकटा कंटाळला तर त्याला त्यातूनही सूट. बास.

आता सासूबाई. तुम्ही लिहिलं आहे की त्या मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातल्या. मग त्यांना न नेण्याचा प्रश्नच नाही. ज्या गाईडला तुम्ही शोधत होतात ती तुमच्या घरात आहे. पाटीवर 'नीलगाय' असेल, त्या म्हणतील 'रोही', आणि पुढं सांगतील की हरभऱ्याच्या शेतात एका रात्रीत रोही काय करून जातात. पाटीवर 'रानकुत्रा' असेल, त्या 'कोळसून' म्हणतील. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी त्यांनी बघितली असण्याची बरीच शक्यता आहे. सारस आता फार थोडे उरले आहेत. माझ्या अनुभवात अशा आज्या आधी 'मला काय कळतं बाई त्यातलं' म्हणतात. त्यांना 'समजावून सांगा' म्हणायचं नाही. 'आई, हा तुमच्याकडे होता का हो?' एवढंच विचारायचं, आणि नातवंडांना जवळ उभं करायचं. त्या कधी कधी पाटीशी जुळणार नाही असंही सांगतील, घोरपडीबद्दल, सापांबद्दल तर हमखास. तिथल्या तिथं दुरुस्त करू नका. मोठ्याला घरी आल्यावर दोन्ही गोष्टी पडताळून बघू द्या. काही वेळा पाटी जुनी निघते.

गुडघ्यांसाठी तिकीट खिडकीवरच खुर्ची मागा, वयस्कर माणसाला बहुतेक ठिकाणी देतात. नाहीतर घडीचा छोटा स्टूल पिशवीत टाका, आत नेऊ देतात का तेवढं फोनवर विचारून घ्या. तुम्ही मोठ्याला घेऊन दगडांकडे गेलात की आजी आणि धाकटा दोघंही रोह्यापाशी बसून राहू शकतात. आणि फोन कराल तेव्हा कोणतं दालन दुरुस्तीसाठी बंद आहे का, हेही विचारून घ्या. प्राण्यांचंच बंद निघालं तर त्या दिवशी सरळ रमण विज्ञान केंद्राकडे गाडी वळवा, धाकट्याची काही तक्रार असणार नाही.